भोक बुजवण्याची घाई

१७५४ साली लंडनमध्ये एक बाळ जन्मलं. दिवस पूर्ण भरलेले, अंगापिंडानं चांगलं. पण त्याला श्वास घेता येईना. दीडेक तासात ते गेलं. जॉर्ज मॅकॉले या स्कॉटिश डॉक्टरांनी ती हकीकत लिहून ठेवली. शव उघडलं तेव्हा पोटातले अवयव छातीत सापडले. छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला, म्हणजे श्वासपटलाला, भोक होतं. या मॅकॉलेंची पत्नी कॅथरीन पुढे इंग्लंडचा इतिहास लिहून एवढी गाजली, की डॉक्टरसाहेब तिचे यजमान म्हणूनच ओळखले जाऊ लागले. बालशल्यचिकित्सेच्या इतिहासात मात्र त्यांना स्वतःची जागा आहे. असं बाळ जन्मल्यावर कसं धडपडतं आणि कसं जातं, हे नीट पाहून लिहिणाऱ्या पहिल्या मोजक्या लोकांत ते येतात.

त्यांच्याही आधी, १७०१ साली, चार्ल्स होल्ट यांनी दोन महिन्यांच्या बाळाच्या छातीत आतडी सापडल्याची नोंद केली होती. १७६१ साली पादुआचे मोर्गान्यी यांनी मृतदेहांच्या तपासणीवर आपला प्रचंड ग्रंथ काढला, त्यातही अशा हर्नियांचा विचार आहे. ही सगळी विद्या मेलेल्या माणसाकडून शिकलेली. रोगाचं नाव कळायचं ते मूल गेल्यावर, आणि कळूनही पुढच्या मुलाला त्याचा काही उपयोग नसायचा.

१८४८ साली प्रागमधले शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक व्हिन्सेंट बोख्डालेक यांनी श्वासपटलाच्या मागच्या कडेला पडणाऱ्या भोकाचं वर्णन केलं. तिथला पातळ पापुद्रा आतड्यांच्या दाबानं फाटतो, असं त्यांना वाटलं. ते चुकीचं होतं. श्वासपटल फाटत नाही; ते मुळात पुरतं तयारच होत नाही. गर्भात वेगवेगळ्या घड्या एकमेकींना येऊन मिळतात आणि साधारण आठव्या ते दहाव्या आठवड्यापर्यंत हा पडदा बंद होतो. एखादी घडी पोचली नाही की वाट उघडी राहते आणि आतडी, जठर, प्लीहा, कधी यकृतही वर छातीत सरकतं. बोख्डालेक यांचं स्पष्टीकरण गेलं, पण नाव राहिलं. आजही डॉक्टर या विकाराला ‘बोख्डालेक हर्निया’च म्हणतात.

साधारण ३,००० जन्मांमागे एका बाळात हे आढळतं, आणि पाचांतल्या चार वेळा तरी भोक डाव्या बाजूला असतं. गर्भाला याचा काही त्रास नसतो. त्याला प्राणवायू मिळतो वारेतून, आईच्या रक्तातून. फुप्फुसांत हवेऐवजी द्रव असतो. म्हणून पोटात बाळ छान वाढतं, हालचाल करतं. नाळ कापली की मग कळतं. बाळ निळं पडतं, छाती फुगीर दिसते आणि पोट खपाटीला गेलेलं असतं, कारण पोटात असायचं ते सारं वर गेलेलं. अनुभवी सुईणीलाही हे पोट पाहून काहीतरी विपरीत आहे हे समजावं.

यावर शस्त्रक्रिया होऊ शकते, हे सिद्ध व्हायला विसावं शतक उजाडावं लागलं. १९०२ साली जर्मनीत हायडेनहाइन यांनी ९ वर्षांच्या मुलाचं भोक शिवलं आणि मुलगा जगला. इथे क्षणभर थांबायला हवं. ९ वर्षांचा मुलगा म्हणजे जो ९ वर्षं जगला होता तो. ज्यांची अवस्था वाईट होती ती मुलं पहिल्याच दिवशी गेलेली असत. शल्यचिकित्सकाच्या टेबलापर्यंत पोचायची ती निसर्गाच्या चाळणीतून उरलेली. या चाळणीकडे बराच काळ कुणाचं लक्ष गेलं नाही, आणि पुढचा गोंधळ तिथूनच सुरू झाला.

१९२५ साली अमेरिकेत कार्ल हेडब्लॉम यांनी जुन्या नोंदी एकत्र केल्या. शस्त्रक्रियेविना राहिलेल्या बाळांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश अगदी तान्हेपणीच दगावतात, असं त्यांना दिसलं. त्यावरून सरळ निष्कर्ष निघाला: शस्त्रक्रिया लवकर करा. बोस्टनच्या मुलांच्या इस्पितळात विल्यम लॅड आणि रॉबर्ट ग्रॉस यांनी ते मनावर घेतलं. हे ग्रॉस म्हणजे भलतेच धाडसी गृहस्थ. १९३८ च्या ऑगस्टमध्ये वरिष्ठ लॅड परदेशी असताना त्यांनी एका मुलीच्या हृदयाजवळची उघडी राहिलेली रक्तवाहिनी बांधली आणि मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेचं दार उघडलं. १९४० साली लॅड आणि ग्रॉस यांनी श्वासपटलाच्या शस्त्रक्रियांचा अहवाल दिला. निम्म्याहून अधिक मुलं जगली होती, आणि त्यांतलं सर्वांत लहान अवघं ४० तासांचं होतं. १९४६ साली ग्रॉस यांनी जन्मून २४ तासही न झालेल्या बाळाचं भोक यशस्वीपणे बंद केल्याचं जाहीर केलं.

तेव्हापासून पुढची चाळीसेक वर्षं एकच नियम शिकवला गेला. असं बाळ आलं की वेळ घालवायचा नाही. रात्र असो, पहाट असो, थेट ऑपरेशन थिएटर. तर्क अगदी सोपा होता. आतड्यांनी फुप्फुस दाबलंय. आतडी खाली ओढली, भोक शिवलं, की फुप्फुस फुलेल. डोळ्यांना दिसणारं भोक आणि हातांना शिवता येणारे टाके. शल्यचिकित्सकाला याहून पटणारी गोष्ट कोणती असणार?

पण फुप्फुस फुलत नव्हतं. लवकर शस्त्रक्रिया होऊ लागली तशी पूर्वी टेबलापर्यंत न पोचणारी गंभीर बाळं पोचू लागली, आणि त्यांतली पुष्कळ वाचेनात. मरणाची रीत तर कोड्यात टाकणारी होती. टाके घातल्यावर काही तास बाळ गुलाबी दिसे, सगळ्यांना हायसं वाटे. मग कुठलंही उघड कारण नसताना ते पुन्हा निळं पडू लागे आणि हाताबाहेर जाई. अमेरिकी डॉक्टरांनी या काही तासांना ‘हनिमून’ असं नाव दिलं होतं. त्या काळच्या वॉर्डांतला विनोद जरा निर्दयच असे.

उत्तर आलं ते शवविच्छेदनाच्या टेबलावरून. लंडनच्या ब्रॉम्प्टन इस्पितळातल्या लिन रीड यांचं सारं आयुष्य फुप्फुसांच्या वाढीची मोजदाद करण्यात गेलं. १९६३ साली त्यांनी आणि अरीचोन यांनी दाखवून दिलं, की या बाळांची फुप्फुसं दबलेली नसतात. ती खुजी असतात. १९७१ साली किटागावा, हिस्लॉप आणि बॉइडेन यांच्यासह त्यांनी श्वासनलिकेचे फाटे, रक्तवाहिन्या आणि वायुकोश अक्षरशः मोजून काढले. फुप्फुसातल्या श्वासनलिकांचं फाटे फुटणं गर्भाच्या सोळाव्या आठवड्यापर्यंत आटोपतं, हे रीड यांनीच आधी सांगितलं होतं. त्या काळात छातीत आतडी ठाण मांडून बसलेली असली की फाटे कमी फुटतात आणि ती तूट नंतर कधीच भरून येत नाही. वायुकोश जन्मानंतरही काही वर्षं वाढतात, पण फांद्याच कमी असलेल्या झाडाला पालवी तरी किती येणार? आणि ही तूट हर्नियाच्या बाजूला जास्त असली तरी समोरचं फुप्फुसही त्यातून सुटत नाही.

‘हनिमून’चं कोडंही यात सुटतं. अशा फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या संख्येनं थोड्या आणि त्यांच्या भिंती जाड, स्नायुमय असतात. थोडा त्रास झाला, प्राणवायू थोडा कमी पडला की त्या आवळल्या जातात. रक्ताला फुप्फुसात शिरता येत नाही. मग ते गर्भात वापरात असलेल्या जुन्या आडवाटांनी, फुप्फुसाला वळसा घालून, प्राणवायूविनाच शरीरात फिरू लागतं. त्यानं प्राणवायू आणखी घटतो, वाहिन्या आणखी आवळतात. भूल, छेद, टाके, ओढाताण ही सगळी या चक्राला चालना देणारी. ज्या शस्त्रक्रियेनं बाळ वाचायचं, तीच पहिल्या काही तासांत त्याला कड्याकडे लोटत होती.

हे समजल्यावर दोन वाटा फुटल्या. एक फार धाडसाची, दुसरी फार संयमाची. बोलबाला पहिलीचाच झाला.

१९६९ साली बोस्टनमध्ये मायकेल हॅरिसन नावाचा तरुण शिकाऊ डॉक्टर अशाच एका बाळाच्या शस्त्रक्रियेत मदतनीस होता. शस्त्रक्रिया बिनचूक झाली आणि बाळ गेलं. जन्मापर्यंत थांबलो तर उशीरच होतो, हे त्यांच्या मनानं घेतलं. पुढे ते सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात गेले. तिथे डीलॉरिमिए यांनी १९६७ मध्येच मेंढीच्या गर्भात असा हर्निया तयार करून फुप्फुसं खुजी राहतात हे दाखवलं होतं. हॅरिसन यांनी मेंढीच्या गर्भाच्या छातीत फुगा फुगवला. कोकरू जन्मलं आणि फुप्फुसांअभावी मेलं. तोच फुगा गर्भातच रिकामा केला तेव्हा कोकरं जगली. १९८० साली हे प्रयोग छापून आले. त्याआधी, १९७८ साली, त्यांनी एक अस्वस्थ करणारा मुद्दा मांडला होता. मोठ्या इस्पितळांचे आकडे फसवे आहेत, कारण सर्वांत गंभीर बाळं तिथवर पोचण्याआधीच मरतात. याला त्यांनी ‘लपलेली मृत्युसंख्या’ म्हटलं. हायडेनहाइन यांच्या काळापासून दुर्लक्षित राहिलेली ती चाळणी अखेर कुणीतरी नाव घेऊन दाखवली.

एव्हाना गर्भात डोकावण्याची सोय झाली होती. ग्लासगोचे इयन डोनल्ड यांनी १९५८ साली ध्वनिलहरींनी गर्भाशयाच्या आतलं चित्र दाखवलं. सत्तरच्या दशकात सोनोग्राफी प्रसूतितज्ज्ञांच्या खोलीत आली आणि गर्भाच्या छातीतलं जठर पडद्यावर दिसू लागलं. १९८१ साली हॅरिसन यांच्या चमूनं आईचं गर्भाशय उघडून गर्भावर पहिली शस्त्रक्रिया केली. ती मूत्रमार्ग तुंबलेल्या गर्भावर होती आणि ते बाळ वाचलं नाही. श्वासपटलाचे पहिले प्रयत्नही एकामागून एक फसले. १९९० साली मात्र ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये गर्भातच भोक बुजवून जगलेल्या बाळाची हकीकत आली आणि जगभर गाजली.

या कहाणीत हॅरिसन मला सर्वांत मोठे वाटतात ते यानंतर. आपल्या शस्त्रक्रियेची त्यांनी नेहमीच्या उपचारांशी समोरासमोर तुलना करवली. १९९७ साली निकाल हाती आला: गर्भातली शस्त्रक्रिया जन्मानंतरच्या उपचारांपेक्षा सरस नव्हती. यकृतही छातीत गेलेलं असेल, तेव्हा तर ते खाली ओढताना नाळेकडून येणारी रक्तवाहिनी मुडपायची आणि गर्भ दगावायचा. वीस वर्षं ज्या कल्पनेला वाहिली, ती त्यांनी स्वतःच्याच आकड्यांवरून बाजूला ठेवली.

नेहमीचे उपचार एवढे सुधारले कसे? तीच ती दुसरी वाट. १९८७ साली टोरांटोच्या मुलांच्या इस्पितळातल्या साकाई आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेआधी आणि नंतर फुप्फुसांची लवचीकता मोजली. टाके घातल्यावर ती बहुतेक बाळांत सुधारण्याऐवजी घसरली होती. पुढच्याच वर्षी त्याच इस्पितळातल्या लँगर आणि सहकाऱ्यांनी उघड विचारलं, की ही तातडीची शस्त्रक्रिया खरंच तातडीची आहे का? बाळ स्थिर होऊ द्यावं, रक्ताभिसरण सावरू द्यावं, मग दिवसा उजेडी भोक शिवावं. चाळीस वर्षांचा नियम उलटा झाला.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या इस्पितळात जेन-टिएन वुंग हे भूलतज्ज्ञ आणखी पुढे गेले. त्या काळी व्हेंटिलेटर जोरात चालवून रक्तातला कार्बन डायऑक्साइड जबरदस्तीनं उतरवण्याची पद्धत होती; आवळलेल्या वाहिन्या त्यानं सैलावतात असा हिशोब. पण एवढ्या दाबानं खुजी, नाजूक फुप्फुसं फाटत. वुंग म्हणाले, दाब कमी ठेवा, बाळाला स्वतः श्वास घेऊ द्या, प्राणवायू थोडा कमी आणि कार्बन डायऑक्साइड थोडा जास्त असला तरी चालवून घ्या. १९८५ साली त्यांनी फुप्फुसांत रक्त न शिरणाऱ्या १५ नवजात बाळांचा अनुभव मांडला. पंधराही जगली होती. अनेकांना हे पटलं नाही. यंत्राचा काटा आदर्श आकड्यावर नसताना स्वस्थ बसणं डॉक्टरला फार जड जातं. १९९५ साली श्वासपटलाच्या हर्नियावरही याच पद्धतीचे, शस्त्रक्रिया बरीच लांबवण्याचे, चांगले परिणाम छापून आले. आणि हळूहळू ती पद्धत सर्वत्र रुळली. बाळं वाचवण्यात या सौम्य उपचारांचा वाटा कुठल्याही एका शस्त्रक्रियेपेक्षा मोठा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पण त्यावर चित्रपट निघणार नाही.

या काळात यंत्रं आणि औषधंही आली. रॉबर्ट बार्टलेट यांनी १९७५ साली कॅलिफोर्नियात एका नवजात मुलीचं रक्त शरीराबाहेरच्या कृत्रिम फुप्फुसातून फिरवून तिला वाचवलं होतं. एक्मो नावानं ते तंत्र श्वासपटलाच्या बाळांनाही लावलं जाऊ लागलं. एक्मो वेळ मिळवून देतो, फुप्फुस वाढवून देत नाही. त्यामुळे पुरेसं फुप्फुस असलेलं बाळ सावरतं आणि नसलेलं केवळ उशिरा जातं. नायट्रिक ऑक्साइड वायू हुंगवल्यावर इतर नवजातांच्या आवळलेल्या वाहिन्या सैलावत, म्हणून त्याच्याकडून फार अपेक्षा होत्या. १९९७ च्या चाचणीत नेमक्या या बाळांना त्याचा लाभ दिसला नाही.

खुजं फुप्फुस जन्माआधीच वाढवायचं, ही जुनी इच्छा मात्र एका वेगळ्याच बाजूनं परत आली. गर्भाचं फुप्फुस सतत द्रव तयार करतं आणि तो श्वासनलिकेतून बाहेर गर्भजलात जातो. १९७७ साली ऑस्ट्रेलियात अल्कॉर्न आणि सहकाऱ्यांनी कोकराच्या गर्भाची श्वासनलिका बांधली, तेव्हा अडलेल्या द्रवानं फुप्फुसं फुगून मोठी झाली. जन्मतःच स्वरयंत्र बंद असलेल्या बाळांची फुप्फुसंही अशीच अवाढव्य असतात. मग भोकाला हात न लावता नळीच बुजवली तर? हॅरिसन यांनी ही कल्पनाही कसाला लावली. २००३ साली निकाल आला: नळी बुजवलेल्या ११ पैकी ८ बाळं जगली, आणि नुसत्या नेहमीच्या उपचारांवरची १३ पैकी १०. पुन्हा तेच. सौम्य उपचारांनी इतकी मजल मारली होती, की धाडसाला पुढे जायला जागाच उरली नव्हती.

युरोपातल्या मंडळींनी यातून वेगळा धडा घेतला. बेल्जियमच्या ल्यूव्हेनमधले यान डेप्रेस्ट, लंडनचे किप्रोस निकोलाइडिस आणि बार्सिलोनाचे एदुआर्द ग्रातकोस यांनी ठरवलं, की हा उपाय फक्त सर्वांत खुज्या फुप्फुसांसाठी तपासायचा. सोनोग्राफीवर फुप्फुसाचं माप डोक्याच्या मापाशी ताडून कोणतं बाळ किती धोक्यात आहे, याचा अंदाज तोवर बांधता येत होता. आईच्या पोटातून एक बारीक दुर्बीण आत घालायची, गर्भाच्या तोंडातून श्वासनलिकेत उतरायचं, चिमुकला फुगा फुगवून सोडायचा. साधारण २७ ते २९ आठवड्यांदरम्यान तो बसवायचा आणि ३४ व्या आठवड्यात काढायचा. मधल्या काळात आईनं केंद्राच्या आसपासच राहायचं, कारण फुगा आत असताना अचानक कळा सुरू झाल्या तर जन्मलेल्या बाळाची श्वासनलिका बंद असणार.

२०२१ साली या चाचण्यांचे निकाल आले. गंभीर गटात फुगा बसवलेल्या ४० पैकी १६ बाळं इस्पितळातून घरी गेली. न बसवलेल्या ४० पैकी ६. मध्यम गटात ६३ टक्के आणि ५० टक्के असा फरक दिसला, पण तो ठाम म्हणण्याइतका नव्हता. त्याची किंमतही होती. गंभीर गटातल्या फुगा बसवलेल्या दर चार बाळांपैकी तीन दिवस भरण्याआधीच जन्मली. फुप्फुस थोडं वाढवायचं आणि त्या बदल्यात बाळ अपुऱ्या दिवसांचं जन्माला घालायचं, असा हा सौदा. आणि फुगा असूनही त्या गटातली निम्म्याहून अधिक बाळं गेलीच.

आज चांगल्या केंद्रांत जिवंत जन्मलेल्या दहांपैकी सातेक बाळं घरी जातात. जन्मल्याबरोबर श्वासनलिकेत नळी घालतात. मास्कनं हवा देत नाहीत, कारण ती छातीतल्या आतड्यांत जाऊन त्यांनाच फुगवते. जठरात दुसरी नळी टाकून तिथली हवा काढतात, व्हेंटिलेटर हलक्या हातानं चालवतात आणि थांबतात. भोक मोठं असेल तर कृत्रिम कापडाचं ठिगळ लावतात. जगलेल्या मुलांपैकी काहींचं वजन वाढत नाही, अन्न घशाशी येतं, काहींना ऐकू कमी येतं, काहींना वर्षानुवर्षं दम लवकर लागतो. पूर्वी हे प्रश्न नव्हते, कारण ही मुलंच नव्हती.

आपल्याकडे १८ ते २० आठवड्यांच्या अनॉमली स्कॅनमध्ये हा हर्निया दिसू शकतो, तरी काही वेळा आतडी त्यानंतर वर सरकतात आणि निदान उशिरा होतं. गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यात २० आठवड्यांची मर्यादा होती, म्हणजे आईबापांना विचार करायला जेमतेम काही दिवस मिळत. २०२१ च्या दुरुस्तीनं गर्भातल्या गंभीर व्यंगांसाठी वैद्यकीय मंडळाच्या निर्णयानं ती मर्यादा उठली. पण ज्यांना मूल हवंच आहे, त्यांच्यासाठी प्रश्न कायद्याचा नाही, अंतराचा आहे. आधी कळलं असेल तर बाळ आईच्या पोटातूनच बालशल्यचिकित्सक आणि नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या शहरात पोचतं, आणि त्याहून सुरक्षित रुग्णवाहिका कुठली नाही. कळलं नसेल तर ते तालुक्याच्या दवाखान्यात जन्मतं, निळं पडतं आणि मास्कनं हवा घेत रस्त्याला लागतं. वाटेत गेलं, तर शहरातल्या इस्पितळाच्या नोंदवहीत त्याचं नाव येत नाही, आणि गावाकडच्या दाखल्यावर मृत्यूचं कारण ‘श्वास घेता न येणं’ एवढंच लिहिलं जातं.